४० मिलिमीटर खाली आणलेली स्विफ्ट : एका ऑटोक्रॉस गाडीचे प्रकरण

ऑटोक्रॉससाठी, म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीसाठी, गाडी तयार करायला घेतली की स्प्रिंग बदलून ती खाली आणण्याचा सल्ला सर्वांत आधी मिळतो. हा सल्ला देणारा माणूस सहसा मनापासून बोलत असतो, कारण त्याच्या स्वतःच्या गाडीत त्याला फरक जाणवलेला असतो. तो फरक नेमका कशामुळे जाणवला, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. गाडी खाली येते तेव्हा उंचीबरोबर स्प्रिंगांचा कडकपणा, चाकांचा कॅम्बर (समोरून पाहता उभ्या रेषेपासूनचा कल), टो (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते), सस्पेंशनची शिल्लक हालचाल आणि लोअर आर्मचा (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) कल हे सारे एकदम बदलते, आणि चालकाच्या हाताला लागतो तो या सर्वांचा मिळून झालेला परिणाम. पुढे मांडलेल्या प्रकरणात हे घटक शक्य तितके सुटे करून पाहिले. त्यातून माझे मत असे झाले की, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक-ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेले सस्पेंशन) असलेल्या साध्या हॅचबॅकच्या बाबतीत, उंची कमी केल्याच्या नावावर जमा होणारा बराचसा फायदा उंचीचा नसतो. तोटा मात्र बहुतेक उंचीचाच असतो.

गाडी आणि तक्रार

गाडी पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची. २००५ मध्ये भारतात आलेल्या या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा व पिळला जाणारा आडवा दांडा, आहे. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,३९० मिमी, ट्रॅक रुंदी (डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर) पुढे १,४७० आणि मागे १,४८० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आणि रिकाम्या गाडीचे वजन हजार किलोच्या आसपास. हौशी मोटरस्पोर्टमध्ये ही गाडी आपल्याकडे पुष्कळ दिसते, कारण ती हलकी आहे, तिचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि मूळ अवस्थेतही ती वळायला नाखूश नसते.

वापर डांबरी आवारात शंकू मांडून आखलेल्या ऑटोक्रॉसचा. येथे हा खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ऑटोक्रॉस पुष्कळदा मातीवर होतो आणि मातीचे गणित वेगळे आहे. त्याकडे शेवटी येऊ. डांबरावरच्या या प्रकारात एका वेळी एकच गाडी धावते, बहुतेक सारी फेरी दुसऱ्या गिअरमध्ये होते, आणि स्लॅलम (ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाणे), एखादे लांब वळण, एखादे अगदी तंग वळण आणि शेवटी ब्रेक मारून थांबण्याचा चौकोन असा साधारण आराखडा असतो. फेरी पाऊण ते एक मिनिटाची. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या नियमांत शंकू पाडल्यास प्रत्येकी दोन सेकंदांचा दंड आहे, आणि आपल्याकडचे आयोजकही सेकंदांतच दंड लावतात. त्यामुळे या खेळात गाडी केवळ वेगवान असून भागत नाही. ती जिथे न्यायची तिथे, हातभर इकडेतिकडे न होता, प्रत्येक फेरीत सारखीच जावी लागते.

गाडीमालकाने चाळीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग चारही बाजूंना बसवल्या होत्या. त्या मूळ स्प्रिंगांपेक्षा सुमारे वीस टक्के कडक होत्या. शॉक-ॲब्सॉर्बर मूळचेच ठेवले होते, आणि स्प्रिंग बसवल्यानंतर अलाइनमेंट करून घेतलेली नव्हती. मालकाचे म्हणणे दोन भागांत होते. पहिला भाग समाधानाचा : स्टिअरिंग फिरवताच गाडी आधीपेक्षा चटकन वळते आणि स्लॅलममध्ये कमी झोके घेते. दुसरा भाग तक्रारीचा : लांब वळणाच्या मध्यावर पुढची चाके एकाएकी बाहेर सरकू लागतात, डांबरात किंचित उंचवटा आला तर गाडी बाजूला फेकल्यासारखी होते, आणि तंग वळणातून बाहेर पडताना आतले पुढचे चाक जागच्या जागी फिरते. घड्याळाने या दोन्हींचा हिशेब घातला तेव्हा फेरीची वेळ मूळ स्प्रिंगांच्या वेळेपेक्षा सुधारलेली नव्हती. गाडी वेगवान वाटत होती आणि वेगवान नव्हती, आणि हेच प्रकरण तपासायला घेण्याचे कारण ठरले.

गुरुत्वमध्याचा हिशेब

गाडी खाली आणण्याच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा गुरुत्वमध्याचा आहे, आणि तो खरा आहे. वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती भार जातो हे गाडीचे वजन, वळणातील आडवा प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि ट्रॅक रुंदी या चारच गोष्टींवर ठरते. गाडी किती कलते याचा या एकूण आकड्याशी जवळजवळ संबंध नाही. भार जितका कमी सरकेल तितकी चारही टायरांची मिळून पकड जास्त राहते, कारण टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. बाहेरच्या टायरला मिळालेल्या प्रत्येक जादा किलोमागे पकड थोडी कमीच वाढते.

आता या गाडीपुरता आकडा काढू. चालकासह वजन १,०८० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५४० मिमी आणि सरासरी ट्रॅक १,४७५ मिमी धरला, तर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतक्या आडव्या प्रवेगाला सुमारे ३५६ किलो भार आतून बाहेर जातो. गुरुत्वमध्याची उंची येथे अंदाजाने धरलेली आहे, पण अशा हॅचबॅकसाठी ती वाजवी आहे. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली तरी चाके, हब, ब्रेक यांचे वजन जागेवरच राहते, म्हणून संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे पस्तीस मिलिमीटरच खाली येतो. ५०५ मिमी उंचीला तोच हिशेब केला तर सरकणारा भार सुमारे ३३३ किलो होतो. म्हणजे तेवीस किलोंची, सुमारे साडेसहा टक्क्यांची बचत.

साडेसहा टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु ही बचत सरकणाऱ्या भारातली आहे, पकडीतली नाही. रस्त्यावरच्या टायरची भारानुसार घटणारी पकड नेहमीच्या प्रमाणात धरून हिशेब केला, तर पकडीतली वाढ एका टक्क्याच्याही आत राहते. वळणातला वेग पकडीच्या वर्गमूळाप्रमाणे वाढत असल्यामुळे पंचेचाळीस सेकंदांच्या फेरीत तिची किंमत जास्तीत जास्त दीड-दोन दशांश सेकंद. ऑटोक्रॉसमध्ये दीड दशांश सेकंदाने क्रमांक बदलतात, त्यामुळे हा फायदा क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र चांगल्या टायरांनी, टायरमधल्या हवेच्या योग्य दाबाने किंवा चालकाने एक वळण नीट घेतल्याने यापेक्षा अनेक पट जास्त वेळ वाचतो. शिवाय हा फायदा पदरात पडण्यासाठी बाकी सारे पूर्वीसारखेच राहायला हवे, आणि नेमके तेच राहत नाही.

लोअर आर्मचा कल

मॅकफर्सन स्ट्रटची रचना साधी आहे : वर एक टेकू, त्याखाली शॉक-ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा मिळून झालेला स्ट्रट, आणि खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एकच लोअर आर्म. गाडी वळणात कोणत्या बिंदूभोवती कलते, म्हणजे तिचे रोल सेंटर कुठे आहे, हे या दोन भागांच्या रेषांवरून ठरते. स्ट्रटच्या वरच्या टेकूपासून स्ट्रटला काटकोनात काढलेली रेषा आणि लोअर आर्मची वाढवलेली रेषा जिथे छेदतात तो बिंदू घ्यायचा, टायर जमिनीला टेकतो तिथून त्या बिंदूपर्यंत रेषा काढायची, आणि ती गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदेल ते रोल सेंटर.

मूळ उंचीला स्विफ्टचा लोअर आर्म बॉडीकडून चाकाकडे येताना किंचित खाली झुकलेला असतो. या प्रकरणातील गाडी लेव्हलवर उभी करून पाहिली तेव्हा तो उलट झाला होता. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, आर्मच्या आतल्या टोकाच्या रबरी बुशपेक्षा वर आला होता. हा कल डोळ्यांना फार दिसत नाही आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. हिशेबात मात्र त्याचे वजन मोठे आहे. अशा आकाराच्या गाडीला साजेशी मापे धरून, म्हणजे स्ट्रट बारा अंश आत झुकलेला, आर्म ३४० मिमी लांब आणि मूळ अवस्थेत टोकाशी पंचवीस मिमी खाली, आकृती काढली तर मूळ रोल सेंटर जमिनीपासून सुमारे ११२ मिमी उंच येते. तीच गाडी चाळीस मिलिमीटर खाली घेतली की ते नऊ मिलिमीटरच्या आसपास येते. गाडी चाळीस मिमी उतरली आणि रोल सेंटर शंभराहून अधिक मिमी उतरले.

वळणात गाडीला कलवणारा जोर गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातील अंतराच्या प्रमाणात असतो. स्प्रिंगांवर उभ्या असलेल्या वजनाचा गुरुत्वमध्य ५७५ मिमीवर धरला, तर पुढच्या बाजूला हे अंतर आधी ४६३ मिमी होते, आता ते ५२६ मिमीच्या आसपास झाले. म्हणजे पुढच्या बाजूने गाडीला कलवणारा हात जवळजवळ चौदा टक्क्यांनी लांबला. त्याच्या विरुद्ध बाजूला वीस टक्के कडक स्प्रिंग आहेत. परंतु कलण्याला होणारा विरोध एकट्या स्प्रिंगा करत नाहीत, त्यात पुढच्या अँटी-रोल बारचाही (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणाऱ्या दांड्याचाही) वाटा असतो आणि तो बार मूळचाच आहे. त्यामुळे एकूण विरोधात वाढ बारा-चौदा टक्क्यांचीच होते. जादा कडकपणा गाडीने आपणच वाढवून घेतलेल्या जोराला पुरवण्यात खर्च झाला. स्लॅलममध्ये झोके कमी वाटत होते ते बंप स्टॉपमुळे, म्हणजे सस्पेंशनची हालचाल शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यामुळे, हे पुढे येईलच.

येथे एक सूक्ष्म मुद्दा नोंदवतो, कारण खाली गेलेले रोल सेंटर म्हणजे सरसकट वाईट, असे एकांगी विधानही वाचायला मिळते. रोल सेंटर उंच असेल तेव्हा काही भार स्प्रिंगांना न दाबता थेट आर्ममधून बाहेरच्या चाकावर जातो. पुढचे रोल सेंटर खाली गेले की हा थेट जाणारा भार कमी होतो, आणि तो कलण्याच्या रूपाने पुढच्या व मागच्या स्प्रिंगांत वाटला जातो. म्हणजे कागदावर पुढच्या चाकांचा वाटा किंचित घटतो आणि गाडी पुढून कमी सरकायला हवी. प्रत्यक्षात तसे झाले नाही. त्याची दोन कारणे होती, एक कॅम्बरचे आणि दुसरे बंप स्टॉपचे.

कॅम्बरचे आधी पाहू. गाडी कलली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकू पाहते आणि टायर बाहेरच्या कडेवर येतो. स्ट्रट दबताना लोअर आर्मच्या कलामुळे चाक थोडे आत झुकते आणि हे नुकसान अंशतः भरून निघते. वरच्याच मापांनी हिशेब केला तर गाडी चार अंश कलली असता मूळ उंचीला सुमारे एक अंश कॅम्बर परत मिळतो. चाळीस मिमी खाली आणलेल्या गाडीत जेमतेम अर्धा अंश. आर्म आडवा होऊन वर झुकू लागला की बॉल जॉइंट दबताना बाहेर सरकण्याऐवजी आत ओढला जाऊ लागतो, आणि ही भरपाई आटत जाते.

याच आकृतीतून दुसरीही गोष्ट निघते, आणि प्रामाणिकपणे मांडायची तर तीही सांगितली पाहिजे. गाडी खाली आणल्यामुळे उभ्या अवस्थेतच सुमारे आठ-दशांश अंश ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आपोआप मिळाला होता. वळणात अर्धा अंश गमावला तरी बेरीज वजाबाकी करून बाहेरचा टायर मूळ गाडीपेक्षा थोडा अधिक सपाट टेकत होता. मालकाला वळणाच्या सुरुवातीला जी नवी धार जाणवली होती, तिचा मोठा भाग या कॅम्बरचा होता. हा कॅम्बर मिळवण्यासाठी गाडी खाली आणण्याची गरज नव्हती. स्ट्रट आणि हब जिथे दोन बोल्टनी जोडलेले असतात तिथे एक विक्षिप्त (मध्यापासून सरकलेल्या अक्षाचा, एक्सेंट्रिक) बोल्ट घातला की सव्वा-दीड अंश कॅम्बर मूळ उंचीला आणि मूळ भूमितीला धक्का न लावता मिळतो, आणि त्याचा खर्च स्प्रिंगांच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो.

बंप स्टॉप

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. शॉक-ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो. सस्पेंशन फार दबले तर धातूवर धातू आदळू नये म्हणून तो असतो. मूळ गाडीत तो ठोकळा लागेपर्यंत चाकाला साधारण पंचावन्न-साठ मिलिमीटर वर यायला वाव असतो असे धरले, तर चाळीस मिलिमीटर खाली आणलेल्या गाडीत उभ्या अवस्थेतच त्यातला पंधरा-वीस मिलिमीटर वाव उरतो. गाडी चार अंश कलली तर बाहेरचे चाक सुमारे बावन्न मिलिमीटर वर येऊ पाहते. ब्रेक मारताना पुढचा भाग दबतो तो वेगळा.

हे अनुमान तपासायला उपकरणे लागत नाहीत. शॉक-ॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचे धूळ अडवणारे आवरण वर सारून दांड्याला प्लॅस्टिकची एक बारीक टाय (वायरी बांधायची पट्टी) घट्ट आवळून ठेवायची आणि फेरी झाल्यावर ती कुठपर्यंत ढकलली गेली ते पाहायचे. या गाडीत दोन्ही पुढच्या बाजूंच्या टाय थेट बंप स्टॉपपाशी जाऊन दबलेल्या सापडल्या, आणि ठोकळ्यांच्या खालच्या कडा चेपून चकाकत होत्या. म्हणजे गाडी जवळजवळ प्रत्येक जोरदार वळणात पुढून बंप स्टॉपवर उभी राहत होती.

बंप स्टॉपवर टेकलेल्या गाडीची स्प्रिंग वीस टक्के कडक राहत नाही, ती कित्येक पट कडक होते, आणि तेही वळणाच्या मध्यावर, एका क्षणात. त्या क्षणी पुढच्या बाजूचा कलण्याला होणारा विरोध एकदम वाढतो, सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा पुढचे बाहेरचे चाक उचलते, आतले पुढचे चाक हलके होते, आणि बाहेरच्या टायरची पकड संपून गाडीचे तोंड बाहेर सरकते. आतल्या चाकावर भारच उरलेला नसतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच, साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) असल्याने, इंजिनाची सारी ताकद त्या चाकाला फिरवण्यात जाते. उंचवट्यावर गाडी फेकली जाण्याचे कारणही हेच. ज्या चाकाला वर यायला जागाच नाही ते बॉडीलाच वर ढकलते. मालकाच्या तक्रारीतली तिन्ही लक्षणे या एका कारणाशी येऊन मिळाली. आणि ज्या सपाटपणाचे त्याला समाधान होते, स्लॅलममध्ये गाडी कमी झोके घेते असे जे वाटत होते, तोही याच ठोकळ्यांनी दिलेला होता. चालकाला सपाट वाटणारी गाडी आणि पकड असलेली गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्लॅलमसारख्या भागात, जिथे एका शंकूकडून दुसऱ्याकडे झुकायला सेकंदही मिळत नाही, तिथे दोन्हींची सरमिसळ फार सहज होते.

शॉक-ॲब्सॉर्बर आणि टो यांचे थोडक्यात. वीस टक्के कडक स्प्रिंगला आवरायला सुमारे दहा टक्के जास्त डॅम्पिंग (झोके शमवणारा विरोध) लागते, आणि मूळ शॉक-ॲब्सॉर्बर, त्यातही वापरलेले, तेवढे देऊ शकत नव्हते. म्हणून दिशा बदलताना गाडी एकदा जादा डुलत होती. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कल एकमेकांशी जुळलेले न राहिल्यामुळे चाक वरखाली होताना आपोआप थोडे वळत होते, आणि अलाइनमेंट न केल्यामुळे मूळचा टोही बिघडला होता. या दोन बाबी दुय्यम असल्या तरी गाडीच्या अनिश्चित वागण्यात त्यांचा वाटा होता.

उलट दिशेने केलेली तपासणी

कारण कळले असे वाटले तरी ते सिद्ध करायला घटक वेगळे करणे भाग होते. म्हणून गाडीला आधी मूळ स्प्रिंगांवर परत नेले आणि फक्त तीन गोष्टी बदलल्या : पुढे विक्षिप्त बोल्ट लावून कॅम्बर सुमारे दीड अंश ऋण केला, टो जवळजवळ शून्यावर आणला, आणि मागच्या टायरांत पुढच्यांपेक्षा थोडी जास्त हवा ठेवून मागचे टोक किंचित मोकळे, म्हणजे सहज सरकणारे, केले. टायर तेच, चालक तोच, शंकूंची मांडणी फुटपट्टीने मोजून तीच.

या अवस्थेतली गाडी खाली आणलेल्या गाडीपेक्षा जास्त कलत होती, हे बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत होते. तरीही फेरीची वेळ कमी झाली, लांब वळणात पुढून सरकणे कमी झाले, आणि बाहेर पडताना आतले चाक फिरणे जवळपास थांबले. टायरच्या पृष्ठभागावर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी तापमान घेतले तेव्हा आधी बाहेरची कड तापत असे, ती आता मध्याच्या जवळ आली होती. स्लॅलममध्ये मात्र मालकाचे म्हणणे बरोबर निघाले. मऊ स्प्रिंगांवर गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला वेळ घेत होती, आणि चालकाला स्टिअरिंग आधीच फिरवावे लागत होते. म्हणजे कडकपणाची गरज खरी होती. तो कडकपणा चाळीस मिलिमीटरची किंमत देऊन घेण्याची गरज नव्हती.

येथे नियमांचाही विचार येतो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट गटात मूळ स्प्रिंग बदलता येत नाहीत, शॉक-ॲब्सॉर्बर बदलता येतात. स्ट्रीट टूरिंग गटात स्प्रिंगही बदलता येतात. पहिल्या गटातील गाड्या वळणात डोळ्यांत भरेल इतक्या कलतात आणि तरीही त्यांच्या वेळा लाज वाटाव्यात अशा मुळीच नसतात. कलणे कमी करणे हे ध्येय मानणाऱ्याने त्या गाड्या एकदा पाहाव्यात असे मला मनापासून वाटते.

शेवटची जुळणी

अखेरीस जी जुळणी ठरली तिच्यात गाडी मूळ उंचीपेक्षा फक्त पंधरा मिलिमीटर खाली आहे. स्प्रिंग मात्र आधीच्या खाली आणणाऱ्या स्प्रिंगांपेक्षाही कडक आहेत, आणि त्यांना साजेसे शॉक-ॲब्सॉर्बर, आखूड बॉडीचे, बसवले आहेत. आखूड बॉडीचे शॉक-ॲब्सॉर्बर महत्त्वाचे आहेत, कारण गाडी खाली घेतानाही दांड्याला वर जायला जागा शिल्लक राहते. त्याच आकृतीत पंधरा मिलिमीटरचा हिशेब केला तर रोल सेंटर सुमारे ७४ मिमीवर राहते, लोअर आर्म अजून किंचित खाली झुकलेला राहतो, आणि कॅम्बरची भरपाई चालू राहते. गुरुत्वमध्याचा फायदा चाळीस मिलिमीटरच्या मानाने तृतीयांशाहून थोडा अधिक मिळतो. तो एवढासाच आहे, पण त्याच्या बदल्यात काही गमवावे लागत नाही. दांड्यावरची टाय आता बंप स्टॉपच्या अलीकडे थांबते. जोरात ब्रेक मारून वळल्यास ती ठोकळ्याला नुसती टेकते.

हाच निष्कर्ष प्रत्येक गाडीला लावता येणार नाही. दुहेरी विशबोन असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझ्दा मियाटात, वरचा आणि खालचा असे दोन आर्म असल्यामुळे कॅम्बरची भरपाई उंची बदलली तरी एवढ्या लवकर आटत नाही, आणि अशा गाडीला थोडे अधिक खाली घेतलेले चालते. टोयोटा ८६ मध्ये पुढे स्ट्रटच आहेत, पण आडव्या सिलिंडरांच्या इंजिनामुळे तिचा गुरुत्वमध्य मुळातच ४६० मिमीवर आहे. तिथे आणखी खाली जाऊन मिळवण्यासारखे त्या मानाने कमी उरते. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली आणण्याचा जो प्रकार आपल्याकडे गल्लोगल्ली चालतो, तो मात्र कोणत्याही गाडीसाठी करू नये. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते हे खरे आहे, पाचांतले एक कापले तर पंचवीस टक्के कडक होते. परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबले की स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. शंकूंच्या मैदानात जे धोक्याचे आहे ते घाटात जीवघेणे आहे.

ही गाडी रोज रस्त्यावरही चालते, हेही जुळणी ठरवताना धरावे लागले. गतिरोधकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेली उंची १०० मिमी असली तरी प्रत्यक्षातले उंचवटे ते माप पाळत नाहीत, आणि १७० मिमीची गाडी १३० मिमीवर आणली की चार माणसे बसल्यावर इंजिनाखालची पत्र्याची ढाल प्रत्येक दुसऱ्या गतिरोधकावर घासते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल करण्यावर निर्बंध घालते. रस्त्यावर नोंदलेली गाडी खेळासाठी बदलणाऱ्याने ते आधी वाचावे. मातीवरच्या ऑटोक्रॉसमध्ये उतरायचे असेल तर प्रश्न जवळजवळ उलटा होतो. तिथे पकड कमी असल्यामुळे भारही कमी सरकतो, गुरुत्वमध्याचा फायदा आणखी आक्रसतो, आणि चाकाला खड्ड्यात उतरायला व उंचवट्यावर चढायला लागणारी हालचाल हीच मुख्य पुंजी ठरते. म्हणून मातीच्या फेऱ्यांसाठी या गाडीला मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि जाड साइडवॉलचे टायर लावले जातात.

एक उपाय विचारात घेऊन बाजूला ठेवला आहे. लांब दांड्याचे बॉल जॉइंट बसवून लोअर आर्मचे बाहेरचे टोक खाली नेता येते. चाळीस मिलिमीटर खाली आणलेल्या आकृतीत बॉल जॉइंट वीस मिलिमीटर खाली नेला तर रोल सेंटर नऊवरून सुमारे ५७ मिमीपर्यंत परत वर येते, म्हणजे गमावलेल्यातले निम्मे मिळते. परंतु त्याबरोबर टाय रॉडचे टोकही तितकेच खाली घ्यावे लागते, नाहीतर चाक वरखाली होताना आपोआप वळण्याचा दोष वाढतो. चौदा इंची रिमच्या आत त्या टोकांना जागा अपुरी पडते. आणि बॉल जॉइंट हा असा भाग आहे की तो तुटला तर चाकच निखळते, त्यामुळे कोठेतरी घडवून घेतलेल्या भागावर विसंबणे मला मान्य नाही. स्पर्धेसाठी तपासून बनवलेले भाग या गाडीसाठी खात्रीने मिळेपर्यंत ती पंधरा मिलिमीटरवरच राहील. सध्याचे काम टायरांचे आहे : मूळ १६५ मिमी रुंदीच्या टायरांऐवजी १८५ मिमी रुंदीचे, मऊ रबराचे टायर बसवून कॅम्बर आणि हवेचा दाब नव्याने जुळवणे, आणि त्यानंतर पकड वाढल्यामुळे दांड्यावरची टाय पुन्हा बंप स्टॉपपर्यंत जाते का, ते तपासणे.